सहा दिवसांचे चर्च : कसबा पेठेतील मंडळी आणि तिच्या सेवाकार्याची आखणी

ख्रिस्ती मंडळी आपल्या परिसरातील सेवाकार्याची आखणी करायला बसली की पहिला वाद पैशावरून होईल अशी समजूत असते. प्रत्यक्षात तो परिसर कोणता यावरून होतो, आणि पुण्याच्या कसबा पेठेसारख्या जुन्या वस्तीत तो एका बैठकीत मिटत नाही. मंडळी म्हणजे एका चर्चशी बांधलेला, त्याला वर्गणी देणारा आणि रविवारी एकत्र उपासना करणारा समुदाय. सेवाकार्य म्हणजे उपासनेखेरीज, सभासद नसलेल्या शेजाऱ्यांसह सगळ्यांसाठी ती जे करते ते. या दोन्ही व्याख्या कागदावर सोप्या वाटतात, परंतु ज्या मंडळीचे चर्च पेठेत आहे आणि जिची कित्येक कुटुंबे हडपसर, वडगावशेरी, विश्रांतवाडी किंवा पिंपरी-चिंचवडला राहायला गेली आहेत, तिला आपला शेजारी कोण हे आधी ठरवावे लागते. वाड्यातल्या दोन खोल्या अपुऱ्या पडल्या, मालक आणि भाडेकरू यांचे दावे लांबले, वाड्याच्या जागी इमारत उभी राहिली, मुलांच्या नोकऱ्या दूर लागल्या, आणि कुटुंबे एकेक करून उपनगरांत गेली; सभासदवहीतली नावे मात्र तशीच राहिली, कारण आपला बाप्तिस्मा, लग्न आणि आजी-आजोबांचे अंत्यविधी जिथे झाले तिथले नाव काढून घेणे प्रत्येकाच्याच जिवावर येते. परिणामी रविवारी सकाळी गल्लीत दुचाक्यांची रांग लागते, उपासना होते, चहा होतो, आणि दुपारच्या आत फाटकाला कुलूप लागते. उरलेले सहा दिवस चर्च पेठेत असूनही पेठेचे नसते, आणि स्थानिक सेवाकार्याची आखणी म्हणजे या सहा दिवसांचे काय करायचे याचा निर्णय होय.

कसबा ही पुण्याची सर्वांत जुनी वस्ती. लाल महाल आणि कसबा गणपती इथले, शेख सल्ल्यांचे दर्गे इथले, कुंभारवाडा आणि तांबट आळीही इथलीच. आळीतल्या कारागिरांचे माठारकाम, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर हातोडीने ओळीने ठोके घालून त्याला कणखरपणा आणि झळाळी आणण्याचे काम, रस्त्यावरून जाणाऱ्याला आधी ऐकू येते आणि मग दिसते. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये भुयारी मेट्रोचे कसबा पेठ स्थानक सुरू झाले, त्यामुळे बाहेरून येणाऱ्यांची वर्दळ वाढली. या पेठेत ब्रदर देशपांडे यांच्या नावाने ओळखले जाणारे, मराठीतून उपासना होणारे चर्च आहे. थोड्या अंतरावर गुरुवार पेठेत पंचहौदाचे पवित्र नाम देवालय आहे. आणि नाना पेठेत क्वार्टर गेटजवळ ‘सिटी चर्च’ आहे, ज्याची जागा १७९२ मध्ये सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात दिली गेली. पेशवाईच्या राजधानीत पेशव्यांच्याच परवानगीने चर्च उभे राहिले होते, ही गोष्ट पेठांतील ख्रिस्ती माणसालाही पुष्कळदा ठाऊक नसते, आणि आपण इथे उपरे आहोत अशी धास्ती बाळगणाऱ्या समितीला ती मुद्दाम सांगावी लागते.

पुण्यातील मराठी मंडळ्यांना स्वतःच्या कार्याची आखणी जड जाते याचे कारण आळस नव्हे, इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात आखणी करणारे दुसरेच होते. स्कॉटिश मिशनने शाळा काढल्या, आणि तिथे १८४० च्या दशकात जोतीराव फुले शिकले. इंग्लंडमधील वाँटेज येथील सेंट मेरी संघाच्या भगिनी १८७७ मध्ये पुण्यात आल्या. पंचहौदाला काउलीच्या सेंट जॉन संघाच्या धर्मगुरूंनी देवालय आणि त्याभोवतीचा संसार उभा केला. शाळा, वसतिगृह, दवाखाना, धर्मगुरूचा बंगला आणि नवख्रिस्ती कुटुंबांच्या चाळी एकाच भिंतीच्या आत, ही रचना ‘मिशन कंपाउंड’ म्हणून ओळखली जाते. जातीने बाहेर काढलेल्या माणसाला त्या भिंतीने आसरा दिला हे खरेच, आणि ते कमी लेखण्याचे कारण नाही; परंतु भिंतीच्या आतल्या पुढच्या पिढ्यांना काय काढायचे, काय बंद करायचे आणि पैसा कुठून आणायचा हे ठरवण्याची सवय लागली नाही. मिशन बोर्डाचे पत्र यायचे आणि त्याप्रमाणे व्हायचे.

हा दोष त्याच काळात काहींच्या लक्षात आला होता. अमेरिकन बोर्ड या बोस्टनच्या मिशन संस्थेचे सचिव रुफस अँडरसन १८५४-५५ मध्ये मराठी मिशनच्या पाहणीसाठी आले, आणि स्थानिक मंडळी स्थानिक पाळकाच्या हाती द्यावी, तिने आपला खर्च आपण करावा, आपला कारभार आपण चालवावा व आपला प्रसारही आपणच करावा, हे तत्त्व त्यांनी आग्रहाने मांडले. इंग्लंडमध्ये हेन्री व्हेन यांनीही तेच म्हटले होते, आणि स्वावलंबन, स्वशासन व स्वप्रसार ही त्रिसूत्री म्हणून ते मिशनच्या अभ्यासकांत रूढ झाले. गंमत अशी, की मंडळीने स्वतंत्र व्हावे हा आदेशसुद्धा बोस्टनहून आला. मराठी माणसाने स्वतःच्या बुद्धीने केलेली आखणी पाहायची तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांकडे यावे लागते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले, संन्यासी वृत्तीने राहायचे ठरवले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त बंधुत्वाने एकत्र यावेत अशी कल्पना होती. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि ते काम फोफावण्याआधीच थांबले. त्यानंतर १९२२ मध्ये जॅक विन्स्लो यांनी स्थापलेला ख्रिस्त सेवा संघ १९२७ पासून पुण्यात आश्रम करून राहिला. तिथे भारतीय राहणी होती, भजन होते, पण त्याचाही कणा बराचसा इंग्रज तरुणांचा होता.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा परंपरांची चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सी.एन.आय., स्थापन झाले, तेव्हा निर्णयाची साखळी कागदावर तरी इथल्या माणसांच्या हाती आली. मंडळीचा रोजचा कारभार पास्टोरेट कमिटी पाहते, जिला मराठीत पाळकीय समिती म्हणतात. तिच्यावर बिशपांचे धर्मप्रांत आहे. पण सवय कागदाने जात नाही. समितीच्या बैठकीत ‘यंदा सेवाकार्य काय?’ हा विषय निघाला की ‘नाताळात ब्लँकेट वाटतोच की’ हे उत्तर येते, आणि ठराव होतो. ब्लँकेटवाटप वाईट नाही. मात्र ते कोणाच्या मागणीवरून सुरू झाले, घेणारा कोण, त्याला मागच्या वर्षीचे मिळाले होते का, हे कोणी विचारत नाही, कारण वाटपाची कल्पना जिथून आली तिथे हे प्रश्न दुसऱ्या कोणाच्या टेबलावर असत. शिबिरांमध्ये १९५२ च्या विलिंगन येथील मिशनविषयक परिषदेपासून चालत आलेला विचार समजावून सांगितला जातो, की मिशन मुळात देवाचे असते, चर्चचे नव्हे, चर्च त्यात सामील होते. तो ऐकून समितीतील एखादा व्यवहारी सभासद हमखास विचारतो, ‘मग आपण नेमकं काय करायचं?’ प्रश्न भाबडा वाटला तरी रास्त आहे, आणि त्याचे उत्तर व्याख्यानात सापडत नाही, पेठेत फिरल्यावर सापडते.

फिरण्याआधी पेठांची एक आठवण मात्र जवळ असलेली बरी. १८९० मध्ये गोपाळराव जोशी यांच्या पुढाकाराने पंचहौद मिशनमध्ये झालेल्या कार्यक्रमात न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि शहरातील इतर प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली, उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापली गेली, आणि त्यावरून ग्रामण्य उभे राहिले; ग्रामण्य म्हणजे जातीच्या नियमाचा भंग झाला म्हणून चालणारा धार्मिक खटला आणि त्याबरोबर येणारा बहिष्कार. काहींना प्रायश्चित्त घ्यावे लागले. आज कोणी चहावरून वाळीत पडत नाही, पण ख्रिस्ती लोकांचे आमंत्रण स्वीकारण्याला काही अर्थ चिकटतो, ही जाणीव पेठेत पुरती विरलेली नाही. पेठेत काम केलेल्यांचा अनुभव असा, की शेजारी फाटकापर्यंत मोकळेपणाने येतो, नाताळचा तारा पाहायला मुलांना घेऊन येतो, आणि उंबरठ्याशी थबकतो. म्हणून ‘सर्वांना चर्चमध्ये बोलवू या’ या वाक्याने सुरू होणारी योजना पेठेत लवकर दमते, आणि ‘आपण त्यांच्याकडे जाऊ या’ या वाक्याने सुरू होणारी टिकते.

जाणे म्हणजे पाहणी करणे. पुण्याला पाहणीची चांगली परंपरा आहे. धनंजयराव गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे केलेल्या पुणे शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीचे दोन भाग १९४५ आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. मंडळीला एवढ्या मोठ्या घाटाची गरज नाही, आणि छापील प्रश्नावली घेऊन दार वाजवणे तर कसब्यात उलटतेच, कारण ‘कोणाकडून आलात?’ या पहिल्याच प्रश्नाला चर्चचे नाव सांगितले की दार अर्धे मिटते आणि न सांगितले तर नंतर पुरते मिटते. उपयोगी पडतात ती रोज माणसे पाहणारी ठिकाणे : औषधाचे दुकान, रेशन दुकान, महापालिकेच्या शाळेतल्या बाई, गणेश मंडळाचे कार्यकर्ते, रुग्णालयातील परिचारिका. परिचारिकांच्या बाबतीत मंडळीला आयते माहितीचे भांडार असते, कारण मराठी ख्रिस्ती घरांतून त्या पेशात गेलेल्या स्त्रिया पुष्कळ आहेत, आणि ससून किंवा कमला नेहरू रुग्णालयाच्या बाहेर रुग्णांचे नातेवाईक रात्र कशी काढतात हे त्यांना अहवाल न वाचता माहीत असते. तरीही समितीत त्यांना क्वचितच विचारले जाते. समितीत बोलणारे बहुधा निवृत्त पुरुष असतात.

अशा विचारपुशीतून जे हाती लागते ते योजनेच्या मसुद्यात आधी कोणी लिहिलेले नसते. दवाखाना काढावा असे समितीला वाटत असते, पण पेठेत आणि आजूबाजूला डॉक्टर भरपूर आहेत. कमतरता आहे ती दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या वृद्धांना खाली आणणाऱ्या हाताची. जुन्या वाड्याचा लाकडी जिना अंधारा, उभा आणि एका माणसापुरता. कठड्याऐवजी वरून सोडलेला दोर. पंचाहत्तरीपुढच्या बाईला तो उतरणे म्हणजे दिवसाचे काम. निवृत्तिवेतन चालू राहण्यासाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे आपण जिवंत आहोत हे बँकेला कळवावे लागते. रेशनच्या यंत्रावर बोट ठेवावे लागते, आणि आयुष्यभर भांडी घासलेल्या किंवा हातोडी चालवलेल्या बोटांचे ठसे यंत्र ओळखत नाही. इथे पैसा फारसा लागत नाही. लागतो तो मोबाइल वापरता येणारा एक तरुण, आठवड्यातला एक ठरलेला दिवस आणि जिन्यावर धीर धरण्याची तयारी. मंडळीच्या तरुण संघाला हे काम सांगितले तर आधी निराशा होते, कारण त्यांच्या मनात सेवाकार्य म्हणजे गिटार, फलक आणि पथनाट्य असते; पण नोव्हेंबरात हे काम केलेली मुले डिसेंबरात कॅरोल गात त्याच वाड्याखाली उभी राहतात तेव्हा वरून त्यांना नावाने हाक येते, आणि हा फरक त्यांना कोणी समजावून सांगावा लागत नाही.

दुसरी मागणी अभ्यासिकेची. दोन खोल्यांत सहा माणसे आणि एक टीव्ही अशा घरातील दहावी-बारावीच्या मुलाला संध्याकाळी सात ते दहा बसायला जागा हवी असते, आणि चर्चचा हॉल त्या वेळी रिकामा असतो. एवढे जुळल्यावर निर्णय सोपा वाटतो. प्रत्यक्षात हॉल साखरपुड्यांना आणि वाढदिवसांना भाड्याने जातो आणि त्या भाड्यावर चर्चचे वीजबिल व रखवालदाराचा पगार भागतो, तेव्हा खजिनदाराचा विरोध कंजूषपणातून आलेला नसतो. शिवाय परीक्षेचा हंगाम फेब्रुवारी-मार्चचा, आणि उपवासकाळ, म्हणजे ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस, पुष्कळदा त्यातच पडतो. शुक्रवारच्या प्रार्थनासभेला हॉल लागतो. मुली येणार असतील तर स्वच्छतागृह नीट हवे, बंद करण्याची वेळ पाळली जायला हवी, आणि सर्वांत महत्त्वाचे, किल्ली कोणाकडे राहणार हे ठरायला हवे. उपनगरात राहणारा सचिव रोज रात्री दहाला कुलूप लावायला येऊ शकत नाही. किल्लीचा हा क्षुल्लक वाटणारा मुद्दा योजनेचा खरा कस पाहतो, कारण तो सुटतो तेव्हा मंडळीच्या लक्षात येते, की पेठेत अजून राहणारी सात-आठ घरे, जी वर्गणीत लहान आणि बैठकीत गप्प असतात, तीच सगळ्या स्थानिक कामाची खुंटी आहेत. प्रार्थनासभा त्यांच्या घरी हलवता येते, किल्ली त्यांच्याकडे ठेवता येते. मात्र ज्यांच्याकडे किल्ली द्यायची त्यांना निर्णयातही जागा द्यावी लागते, आणि तिथे उपनगरातील सधन सभासदांना थोडे सरकून बसावे लागते.

कामाचे वेळापत्रकही चर्चच्या दिनदर्शिकेइतकेच पेठेच्या दिनदर्शिकेवरून लावावे लागते. गणेशोत्सवात कसबा गणपतीच्या, म्हणजे मानाच्या पहिल्या गणपतीच्या, परिसरात वाहन येत नाही आणि माणूस घरात थांबत नाही, म्हणून त्या दिवसांत कार्यक्रम ठेवणे व्यर्थ. पालख्या पुण्यात मुक्कामी असतात तेव्हा पाणी आणि मलमपट्टी यांना नाही म्हणणारा वारकरी विरळा. ऊरूस, मोहरम, परीक्षा, पितृपंधरवडा, सगळे वहीत आधी मांडून मग मोकळे दिवस शोधावेत.

धर्मांतराचा प्रश्न या आखणीत टाळता येत नाही, आणि टाळण्याचा प्रयत्न केला तर तो वाढतो. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्म आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या मर्यादेत दिले आहे. म्हणून मंडळीने आपली श्रद्धा लपवण्याचे कारण नाही. मदतीला अट जोडणे मात्र श्रद्धेलाही शोभत नाही. चर्चचे नाव टाळून एखाद्या गुळमुळीत नावाची सामाजिक संस्था पुढे करायची, ही युक्ती काही ठिकाणी सुचवली जाते, आणि ती घातक आहे असे स्पष्ट म्हणायला हवे : पेठेत कोणाची कोणती संस्था हे आठवड्यात कळते, आणि लपवले होते एवढेच लक्षात राहते. योजनेतच दोन वाक्ये लिहिलेली असावीत, की मदत घेणाऱ्याला उपासनेला येण्याचे बंधन नाही, आणि अभ्यासिकेत किंवा भेटीत प्रार्थना होईल ती समोरच्याने मागितली तर. यिर्मया संदेष्ट्याच्या एकोणतिसाव्या अध्यायात बाबेलला नेलेल्या बंदिवानांना लिहिलेले पत्र आहे. ज्या शहरात जाऊन पडलात त्याचे कल्याण पाहा, असा त्याचा आशय आहे. राज्याच्या लोकसंख्येत २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १ टक्का असलेल्या समाजाला यापेक्षा नेमका उतारा सापडणे कठीण.

‘आधी आपल्याच लोकांचं बघा’ हा आक्षेप दर बैठकीत येतो, आणि तो स्वार्थी म्हणून झटकणे अन्यायाचे ठरते. मराठी ख्रिस्ती समाजातील पुष्कळ कुटुंबे पूर्वाश्रमीच्या दलित जातींतून आलेली आहेत, आणि अनुसूचित जातींच्या सवलती १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हिंदूंपुरत्या ठेवल्या, आणि त्या नंतर १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना लागू झाल्या. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. कंत्राटी नोकरी करणारा सभासद शेजाऱ्याच्या मुलासाठी अभ्यासिका काढताना स्वतःच्या मुलाच्या शुल्काचा विचार करणारच. यावर अनुभवाने सुचलेला तोडगा असा, की मंडळीच्या गरजूंचा निधी आणि परिसराचा निधी यांची खाती वेगळी ठेवावीत, म्हणजे एकातून दुसऱ्यात पैसा सरकला अशी कुजबुज होत नाही. परदेशी देणगीवर विसंबण्याचा काळ २०१० च्या परकीय देणगी नियमन कायद्याने आणि त्याच्या २०२० च्या दुरुस्तीने जवळजवळ संपवला आहे, आणि लहान मंडळीच्या दृष्टीने त्यात फारसे बिघडलेले नाही. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, देणारे थोडेच असतात. पण ठरलेल्या कामासाठी दरमहा लहान रक्कम मागितली आणि तिचा हिशेब फलकावर लावला तर ती येते. इमारतीचे मोठे बदल करायचे तर मालमत्ता ज्या विश्वस्त संस्थेच्या नावावर असते तिची परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो, म्हणून पहिल्या वर्षी भिंती पाडाव्या लागतील असे काही योजनेत घेऊ नये.

उरते ती सातत्याची अडचण. पाळकांची काही वर्षांनी बदली होते, आणि काम पाळकाच्या उत्साहावर उभे असेल तर ते त्याच्या सामानाबरोबर ट्रकमध्ये चढते. यासाठी आखणी तीन वर्षांची करावी, प्रत्येक कामाला समितीतील एक आणि पेठेत राहणारी एक अशा दोन व्यक्ती नेमाव्यात, आणि वृद्धांच्या यादीपासून किल्लीच्या नोंदीपर्यंत सगळे एका वहीत असावे, जी नव्या पाळकाला पहिल्याच आठवड्यात मिळेल. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस काय वाढवायचे हे विचारण्याआधी काय बंद करायचे हे विचारावे. पेठेत महापालिकेची अभ्यासिका सुरू झाली आणि मुले तिकडे गेली, तर चर्चची अभ्यासिका प्रतिष्ठेसाठी चालू ठेवण्यात अर्थ नाही. हॉल पुन्हा साखरपुड्यांना द्यावा, आणि मोकळ्या झालेल्या माणसांना घेऊन पुन्हा औषधाच्या दुकानापासून विचारपूस सुरू करावी.